कासव दिलं, कोळंबी घेतली

गोखिवरे, वसई (पूर्व)
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

चि. प्रणव यास सरूआत्याचा आशीर्वाद.

आधी तक्रार, मग न्याय. आमच्या सोसायटीला पाणी येतं पावणेचारला आणि जातं चार पंचवीसला. एवढ्या वेळात मला दोन पिंपं आणि सहा बादल्या भरायच्या असतात, आणि जमलं तर अंघोळही. तुमच्या लीगची मुदत संपते साडेचारला. अख्ख्या आठवड्यातून त्या इंग्लंडातल्या लोकांनी नेमका माझ्या नळाचा मुहूर्त काढला. आज पिंपात पाइप सोडला आणि चिरागचा फोन.

"टीचर, निकाल?"

"चिराग, नळ."

"टीचर, पाचच मिनिटं."

आठवीत प्रमेय सोडवताना एवढी घाई केली असतीस तर आज फुटबॉलवर जगायची वेळ आली नसती, असं मी म्हणेपर्यंत पिंप वाहून गेलं. ते पाणी लीगच्या माथी मारते.

मला पंच केलंत ते माझ्या अज्ञानावर विश्वास ठेवून, हे मी विसरलेले नाही. माझ्याच वर्गातली तुम्ही आठ पोरं, आता चार देशांत पांगलेली. प्रत्येकाने इंग्लंडातले पंधरा खेळाडू कागदावर आपले म्हणायचे. तिकडे कुणी चेंडूला लाथ मारली की इकडे तुम्हाला गुण. आपला खेळाडू देऊन दुसऱ्याचा घेता येतो, त्याला तुम्ही ट्रेड म्हणता. आणि ट्रेड झाला की उरलेले सहा जण ओरडतात, "फसवलं!" गेल्या वर्षी यावरून तुम्ही एकमेकांशी चार महिने बोलला नाहीत. म्हणून मी: जिला फुटबॉल कळत नाही आणि जिचा कुणावरच विश्वास नाही.

खेळाडूंची नावं मी जाणून घेत नाही. नाव कळलं की मन झुकतं. आमची लुसी पाचूबंदरहून मासळी आणते तिच्या टोपलीतली नावं मी त्यांना दिली आहेत, तीच चालू द्या.

तर खटला: चिरागने फ्लॉसीकडून पापलेट घेतलं आणि बदल्यात बोंबील अन् खेकडा दिला. पापलेटने दहा सामन्यांत नऊ गोल केलेत. बोंबील दोन वेळा खेळला. खेकडा गोलकीपर आहे, आणि नावाप्रमाणे आडवा चालतो. निकाल: फ्लॉसी फसली. पुढच्या आठवड्यात नवा खेळाडू निवडायची चिरागची पहिली पाळी त्याने फ्लॉसीला द्यावी.

हा दंड माझा नाही, तुझ्या आजोबांचा आहे. आबा आपल्या वाडीकडे पाण्याच्या पाळ्यांचे पंच होते. एका विहिरीवर चार वाड्या. कुणाला सोमवारची पाळी गुरुवारी हवी, कुणाला केळीच्या रांगेऐवजी पानवेलीचा तुकडा. आबा अदलाबदल होऊ द्यायचे. आठव्या दिवशी दोघांना एकेकटं विहिरीच्या काठावर बसवायचे आणि एकच विचारायचे, "परत फिरवायचं का?" दोघं "नको" म्हणाले तर सौदा रास्त. दोघं "हो" म्हणाले तर दोघंही मूर्ख, फिरवा. एक "हो" आणि एक "नको", तर "नको" म्हणणाऱ्याने जास्त मिळवलं. त्याने दुसऱ्याच्या वाडीला स्वतःच्या हाताने एक पाळी पाणी द्यायचं. मग विषय संपला, पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही.

तुमच्यासाठी आठ दिवस थांबायला मला वेळ नाही. मला पिंप पुसायचं आहे.

सरूआत्या

हॅलिफॅक्स
१६ नोव्हेंबर २०२५

ती. आत्या, नमस्कार.

वाईट बातमी. तुझा निकाल पडला.

आजोबांची पद्धत सगळ्यांना इतकी आवडली की मी आठव्या दिवशी दोघांना वेगवेगळा फोन लावला. "परत फिरवायचं का?" चिराग म्हणाला, "वेडा आहेस का?" ते अपेक्षितच होतं. पण फ्लॉसीही म्हणाली, "नको रे बाबा." मला वाटलं, टीचरला घाबरून बोलतेय. तर म्हणाली, "पापलेटच्या टीमची मॅच असते तेव्हा मी नाइट करून झोपलेली असते. नऊ गोल केले त्याने, एक पण बघितला नाही मी. खेकडा रविवारी संध्याकाळी खेळतो. चहा घेऊन बसते त्याच्यासमोर. डब्लिनमध्ये रविवारी संध्याकाळी दुसरं कोण येतं माझ्याकडे?"

म्हणजे ट्रेड फेअर होता, आत्या. गुणांच्या तक्त्यात ते दिसलं नाही, एवढंच.

आता एक जुना ट्रेड तुझ्याकडे पाठवतो. दुसऱ्या लीगमधला आहे, बरीच वर्षं लोंबकळतोय. नावं तुझ्या पद्धतीने झाकली आहेत. पहिल्याने दिलं कासव: म्हातारा, भरवशाचा गोलकीपर, दर आठवड्याला थोडे थोडे गुण देणारच. पण त्याची रोज देखभाल लागते, मॅनेजरला एक दिवस सुट्टी नाही. दुसऱ्याने दिली कोळंबी: घेतली तेव्हा नवीकोरी होती. तिचं मागणं काही नाही, मात्र अर्धा सीझन ती कोरडीच जाते. कासव देऊन कोळंबी घेणारा आजवर म्हणतो, मला फसवलं. तुझं मत?

बाबा बरे आहेत. फोनवर केळींबद्दल बोलतात, स्वतःबद्दल नाही.

तुझा प्रणव

गोखिवरे
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

चि. प्रणव,

फ्लॉसीची माफी मागते, तिला कळव. रविवारी संध्याकाळी कोण येतं हा मुद्दा मी हिशेबात धरायला हवा होता. का धरला नाही ते माझं मला ठाऊक.

तुझ्या जुन्या खटल्यात मात्र एक मिनिटही लागलं नाही. कासव मासा नाही हे आधी नोंदवते. कासव घेणारा फसला. तो जन्मभर बांधला गेला. गुण येतात, पण मॅनेजर मेला का जगला हे कोण विचारतं? कोळंबी घेणारा कोरड्या दिवसांत कुरकुरत असेल, पण झोपतो सुखाने, फिरायला जातो, म्हातारपणी चार लोकांना न्याय सांगतो. आणि वर तक्रार त्याचीच? असली माणसं मी शाळेत पस्तीस वर्षं पाहिली. पेपर सोपा गेला की हीच बाहेर येऊन सर्वांत जास्त रडतात. त्याला माझ्या नावाने सांग: तोंड बंद कर, एक पाळी दे आणि मोकळा हो.

आज पाणी बारा मिनिटं आलं. वॉचमन म्हणाला, टँकर बोळींजला वळवला. ही असली अदलाबदल मात्र कुणी माझ्याकडे पाठवत नाही.

सरूआत्या

हॅलिफॅक्स
३० नोव्हेंबर २०२५

ती. आत्या,

रागावणार आहेस, म्हणून सरळ लिहितो. कासव म्हणजे निर्मळच्या अलीकडची आपली वाडी, विहिरीसकट. कोळंबी म्हणजे तुझा गोखिवऱ्याचा फ्लॅट. २००४ साली तू वाडीतला तुझा अर्धा वाटा बाबांना दिलास आणि त्यांनी बुक केलेला फ्लॅट तू घेतलास. तेव्हापासून तुम्ही दोघं लग्नामुंजीत "बरं आहे?" "बरं." एवढंच बोलता. आई होती तोवर ती दसऱ्याला राजेळी केळ्यांचा फणा पाठवायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली, आता फणाही नाही.

मी खेळ म्हणून हे केलं नाही. बाबांचा कॅनडाचा व्हिसा आलाय. माझ्याकडे येऊन ते वर्ष-दोन वर्षं राहू शकतात. वाडी धवल वाट्याने करायला तयार आहे, बांधालाच त्याची वाडी. सगळं जुळलंय आणि बाबा अडून बसलेत. म्हणतात, "आठव्या दिवसाचा प्रश्न राहिलाय. सरूने उत्तर दिल्याशिवाय तिकीट काढू नको."

आबा नाहीत, म्हणून पंच मी. बाबांना मी विचारलं. त्यांनी दोनच शब्दांत उत्तर दिलं, ते मी लिहून ठेवलंय. तुझं आलं की उघडतो. आत्या, परत फिरवायचं का?

प्रणव

गोखिवरे
२० डिसेंबर २०२५

प्रणव,

पंचाला फसवून निकाल घेणं याला आमच्या काळी लबाडी म्हणत, आता बहुधा स्ट्रॅटेजी म्हणतात.

निकाल झाकल्या नावांवर दिला होता. नावं उघडली, निकाल रद्द.

आणि आठव्या दिवसाबद्दल तुझ्या बाबांनी तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही, माझं ऐक. त्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा घेतली. फ्लॅटमध्ये तेव्हा खुर्चीही नव्हती, शेजारणीकडून दोन मागून आणल्या. चहाचं आधण ठेवलं. वाटलं, आबा नाहीत, तर विचारायला दादा येईल. ज्याने जास्त घेतलं त्याने विचारायला यावं, ही रीत नसेल पण माणुसकी आहे. आधण तीनदा आटलं. खुर्च्या परत करताना शेजारीण म्हणाली, "पाहुणे आले नाहीत का हो?"

मी म्हटलं, "पाहुणे नव्हतेच."

उत्तर मागू नकोस. सहामाहीचे पेपर आहेत. मी मे महिन्यातच निवृत्त झाले हे मला आठवतं, तरी पेपर आहेत.

सरूआत्या

हॅलिफॅक्स
२४ डिसेंबर २०२५

ती. आत्या,

तुझं पत्र मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "मी काठावर बसलो होतो."

त्या दिवशी दुपारपासून ते विहिरीवर होते. आईने दोनदा जेवायला हाक मारली. "प्रश्न काठावर विचारतात," ते म्हणाले. "ती आबांची मुलगी. तिला माहीत नाही? मला वाटलं, आली नाही म्हणजे तिचं तोंड बघायचं नाही." दिवेलागणीला उठले.

तू चहावर आणि ते विहिरीवर. अर्ध्या तासाच्या अंतरावर दोघं एकमेकांची वाट बघत बसलात, आणि एकवीस वर्षं तेच उत्तर समजून चाललात.

आत्या, मी अजून विचारतोय.

प्रणव

गोखिवरे
शनिवार, १७ जानेवारी २०२६

चि. प्रणव,

संकेतने सुरमई देऊन दोन बांगडे घेतले त्याचा निकाल सोबत: रास्त. हेमांगीचा अर्ज मुदतीनंतर आला, फेटाळला. चिराग पापलेट परत द्यायला निघालाय, कारण त्याची मांडी दुखावली. (पापलेटची. चिरागची दुखावली असती तर मी गुण दिले असते.) त्याला सांग, आठवा दिवस एकदाच येतो.

दुसऱ्या विषयावर आज लिहायला काही नाही. नळ होता.

सरूआत्या

गोखिवरे
शुक्रवार, १३ फेब्रुवारी २०२६

चि. प्रणव,

घाबरू नकोस, दादा आता ठीक आहे. पाय मुरगळलाय, हाड शाबूत.

बुधवारी लुसी आली. टोपली उतरवायच्या आधीच म्हणाली, "टीचर, सांगू नको म्हनलाय तुमचा भाऊ, म्हनून सांगते. सोमवारी त्याच्याकडे गेले. हाक मारली, फाटकाशी आला नाय. मागे जाऊन बघते तर विहिरीच्या काठाला टेकून बसलेला, पाय धरून. दोन तास! मला बघून काय म्हनतो? 'लुसी, आज काय आनलंय?' म्हनलं, आधी ऊठ मेल्या!"

ती वाटा लावत होती. माझ्यासाठी पुरा वाटा लावला, मी सवयीने अर्धा परत सारला. तिने माझ्याकडे बघितलं. "त्यो पन असंच करतो, वहिनी गेल्यापास्न. अर्धा घेतो, अर्धा माझ्या टोपलीत परत टाकतो. तुम्ही भावाबहिनी मिळून एक वाटा घेता, टीचर. धंदा माझा बुडतो."

ती गेल्यावर मी रिक्षा केली.

दादा ओट्यावर होता, पाय पाटावर. केस गेलेत त्याचे. हे लग्नामुंजीत टोपीखाली दिसत नव्हतं.

"आलीस?"

"आठव्या दिवशी बोलावलं होतंस ना."

"एकवीस वर्षं उशीर झाला."

"गोखिवऱ्याहून रिक्षा मिळत नाही."

तो नाकातून हसला. आबांसारखाच.

"चहाला यायला काय झालं होतं तुला?" मी विचारलं.

"चहावर विचारतात ते लग्नाचं. सौद्याचं काठावर."

चहा मीच केला. साखर कुठे आहे ते विचारावं लागलं नाही, वहिनीने डबा जागेवरून हलवला नव्हता आणि तिच्यानंतर त्याने. उत्तराबद्दल त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. रीतच तशी आहे. मग म्हणाला, "जा, बसून ये." मी एकटी जाऊन काठावर बसले.

आता पंच म्हणून तुला सांगते, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्याच वर्षी मला कळलं होतं. शाळा पायी पंधरा मिनिटं. रविवारी सातपर्यंत झोप. मे महिन्यात मी मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरला गेले, पुढच्या वर्षी हंपीला, आणि दादा एकदाही दोन रात्रींपेक्षा जास्त कुठे गेला नाही, कारण केळीला पाणी लागतं आणि केळ रजा देत नाही. मी फसले नव्हते. पण "फसले" म्हणत राहिले की दादाकडे माझं काहीतरी आहे असं वाटायचं. ते सोडलं असतं तर त्याच्याकडे माझं काय राहिलं असतं?

आणि दुसरं. उत्तर दिलं नाही तर दादा इथेच राहतो, हे मला तुझं ३० नोव्हेंबरचं पत्र वाचतानाच कळलं. गणिताची बाई आहे मी. न बोलणारा असला तरी अर्ध्या तासावर भाऊ आहे. उत्तर दिलं की तोही नाही. म्हणून नळ, पेपर, बांगडे. सोमवारी तो दोन तास त्या काठावर बसला त्यातला निदान एक तास माझ्या माथी.

माझं उत्तर: नको. फिरवू नका. तिकीट काढ.

सरूआत्या

हॅलिफॅक्स
१८ फेब्रुवारी २०२६

ती. आत्या,

तिकीट काढलं. रविवार, १५ मार्च.

बाबांचं उत्तर उघडलं. पंच आहे, लपवता येणार नाही. त्यांनी सांगितलं होतं, "हो, फिरवा."

मी काल त्यांना विचारलं, का? म्हणाले, फ्लॅट त्यांनी स्वतःसाठीच बुक केला होता. वाडीतून सुटायचं होतं, रोज सकाळी विहिरीचं तोंड बघायचा कंटाळा आला होता. मग आबा गेले. तू एकटी, शाळा पूर्वेला, वाडी तुला झेपणार नाही असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनीच अदलाबदल सुचवली. "ती रडली, मला वाटलं वाडीसाठी रडतेय. मग कुठल्या तोंडाने सांगू, मला वाडी नकोच होती?" आणि मग म्हणाले, "सरूला सांगू नकोस. तिला हरल्यासारखं वाटेल."

एक "हो", एक "नको". रीत तुला माहीत आहे. माझ्याकडून काही दंड नाही, आत्या. तू हे वाचलंस एवढं पुरे.

तुझा प्रणव

गोखिवरे
शनिवार, २१ मार्च २०२६

चि. प्रणव,

दादा पोचल्याचा तुझा फोटो पाहिला. तो कोट त्याला दोन मापं मोठा आहे. बर्फाकडे तो असा बघतोय की आता त्यालाही आळं करून घालेल.

जायच्या आधीच्या आठवड्यात मी रोज जात होते. बॅग मी भरली, त्याने उपसली, मी परत भरली. विमानतळावर जायच्या गाडीत बसताना म्हणाला, "बरं आहे?" मी म्हटलं, "बरं." तेच दोन शब्द, पण गाडी वळेपर्यंत तो काच खाली करून बसला होता.

सकाळी धवलला निरोप दिला, आज येऊ नकोस. दुपारी तीनला वाडीवर पोचले. मोटर सुरू व्हायला दोनदा नाही म्हणाली. फावडं हातात नीट बसेना, पहिल्या वळणाला मी माती चुकीच्या बाजूला ओढली आणि पाणी सरळ फाटकाकडे निघालं. आबा असते तर बोलले असते. पाट वळवून एकेक आळं भरत गेले. राजेळीची रांग, मग भाजीचे वाफे, मग वहिनीचा मोगरा. पावणेचारला आठवलं की तिकडे नळ आला असेल. चार पंचवीसला आठवलं की गेला असेल.

साडेचारला चिरागचा फोन. "टीचर, निकाल?"

"उद्या."

"टीचर, मुदत संपली!"

"संपू दे."

मग फाटकाशी लुसी. तिला माहीत होतं दादा गेल्याचं, तरी पायाच्या सवयीने ती इकडे वळली. टोपली उतरवली, वाटा लावला, नेहमीच्या हाताने त्यातला अर्धा उचलला आणि तसाच धरून उभी राहिली. मी म्हटलं, "ठेव, लुसी. पुराच दे आज."

"खाणार कोन?"

"बघू."

घरात जाऊन साखरेचा डबा जागेवर आहे ना ते पाहिलं, आणि परत आले. शेवटच्या आळ्याला पाणी लागायला सहा वाजले. ते भरून काठोकाठ आलं तेव्हा मोटर बंद केली. एकदम इतकं शांत झालं की विहिरीत थेंब पडल्याचा आवाज येत होता. फावडं धुऊन जागेवर टेकवलं, पाय धुतले, फाटक लावून घेतलं.

एक पाळी दिली. दादाला सांगायची गरज नाही.

सरूआत्या